परडं मोकळं ठेवा, पोरांना मातीचा ट्रॅक करू द्या

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात एका भगिनीचं पत्र वाचलं. गल्लीत मुलं रिमोटच्या गाड्या भरधाव सोडतात, म्हाताऱ्या माणसांनी चालायचं कसं, या गाड्यांवर बंदी आणा, असं त्यांचं म्हणणं आहे. तक्रार खरी आहे. मला ती जरा जास्तच लागली, कारण दोन वर्षांमागं बेळगावात, अनगोळात आमच्याच बोळात माझ्या नातवाची गाडी देवळातून परतणाऱ्या शेजारच्या आजींच्या घोट्यावर आदळली होती. ही गाडी म्हणजे जत्रेतलं खेळणं नव्हे. खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्शाची, जवळजवळ हातभर लांब, दीड किलो वजनाची, आणि बॅटरी भरलेली असली की ताशी ४० किलोमीटर सहज पळते. आजींचा पाय पंधरा दिवस सुजलेला होता. त्या आम्हाला एका शब्दानं बोलल्या नाहीत, तेच मला झोंबलं.

मी गाडी कपाटात ठेवायला लावली. चार महिने ती कपाटात राहिली आणि पोरगं मोबाईलमध्ये राहिलं. म्हणजे बंदी मी करून बघितलेली आहे. म्हणून गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुट्टीत आमच्या परड्यात, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, या गाड्यांसाठी मातीचा ट्रॅक केला. तो कसा केला हे सविस्तर लिहितोय, कारण आपल्या भागात अजून पुष्कळ घरांना परडं आहे, आणि ज्याला करायचा आहे त्याला आमच्या चुका पुन्हा करायला लागू नयेत.

आमचं परडं ४५ फूट बाय ३० फूट. दोन नारळ, एक चिकू, कोपऱ्यात अळूचा वाफा. सूनबाईंचं म्हणणं होतं, पेव्हर ब्लॉक घालून घेऊ, चिखल घरात येणार नाही. त्यांचंही चुकीचं नव्हतं. मी एक वर्ष मागून घेतलं.

आधी दोरी आणि फक्की घेऊन आखणी केली. पट्ट्याची रुंदी ६ फूट धरली. त्याहून अरुंद केला तर एक गाडी दुसरीला ओलांडू शकत नाही, मग सगळी मजा जाते. नारळ वाचवत, वळणं घेत, एक फेरी साधारण १५० फुटांची बसली. लांब सरळ पट्टा ३८ फुटांचा, त्याच्या पुढं रुंद वळण, मग दोन बारकी नागमोडी. मुलांना सगळीकडं उड्याच हव्या होत्या. मी दोनच ठेवल्या.

खरी गोष्ट मातीची. परड्यातली माती काळी. पहिल्या दिवशी तिच्यावरच गाड्या सोडल्या. ओली असताना टायरांना चिकटून लाडू झाले, आणि आठवड्यानं वाळली तेव्हा बोट जाईल एवढ्या भेगा. मी उद्यमबागेत, आमच्याकडच्या कारखान्यांच्या वसाहतीत, फाउंड्रीत म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात ३१ वर्षं मोल्डिंगला होतो. साच्याच्या वाळूत आम्ही बेंटोनाइट घालायचो, तिला बांधून धरायला. आपल्या काळ्या मातीतली चिकण त्याच जातीची, पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते. म्हणजे ही माती वाईट नाही. नुसती वापरायची नाही, दुसऱ्या मातीत बांधणी म्हणून घालायची. हे डोक्यात आलं तेव्हा मला रात्री झोप लागेना.

खानापूरच्या बाजूची जांभ्याची तांबडी माती फुगत नाही, भेगाळत नाही, पण नुसती असली तर वरून भुगा होऊन उडते. तिच्या दोन ट्रॉली आणल्या, म्हणजे अंदाजे दोन ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट), आणि परड्यातली एक ब्रास काळी खणून तिच्यात मिसळली. दोन भाग तांबडी, एक भाग काळी. सगळी माती गवंड्याच्या चाळणीतून काढली. खडा राहिला की तो गाडीच्या दातऱ्यांत जातो, आणि दातऱ्या गेल्या की पोरगं रडतं. चाळायला आठ दिवस लागले. पोरं दमतील असं वाटलं होतं, पण दिवाळीत किल्ला करणारी पोरं ती, मातीत हात घालायला त्यांना कोणी शिकवावं लागत नाही.

पाणी किती घालायचं याची परीक्षा मी त्यांना फाउंड्रीतलीच शिकवली. मूठभर माती घ्यायची, घट्ट वळायची, मूठ उघडायची. गोळ्यावर बोटांचे ठसे उमटले पाहिजेत आणि तळहाताला चिखल लागता कामा नये. मग गोळा दोन्ही हातांनी मोडायचा. मधोमध स्वच्छ दोन तुकडे झाले तर माती तयार. चुरा झाला तर पाणी कमी, वाकून ताणला तर जास्त. आता शेजारची सहावीतली मुलगी ही मूठ माझ्यापेक्षा चांगली ओळखते. तिच्या घरी कन्नड बोलतात. ती मला ‘अज्जा’ म्हणते, नातू ‘आज्जा’ म्हणतो, आणि आमच्या ट्रॅकवर फेऱ्या ‘ओंदु, एरडु, मूरु’ अशा मोजल्या जातात, कारण मोजायचं काम तिच्याकडं आहे.

माती एकदम चार इंच टाकून धुम्मस, म्हणजे चोपायचा जड ठोकळा, मारली तर वरचं कडक होतं आणि खालचं पोकळ राहतं. दोन-दोन इंचांचे थर टाकायचे आणि प्रत्येक थर वेगळा चोपायचा. सगळ्या परड्याला एका बाजूला उतार हवा. आम्ही ४५ फुटांत सहा इंच दिला, पाणी सरळ अळूच्या वाफ्यात जातं. बेळगावच्या पावसात उताराशिवाय काही टिकत नाही, हे काही मी आपल्या वाचकांना सांगायला नको.

एक जाणकार म्हणाले, थोडं सिमेंट मिसळा. तसं करू नका. सिमेंट घातलं की उडी हलवता येत नाही आणि भेग पडली की सांधता येत नाही. शेणानं सारवून बघितलं. खळ्यासारखं सुंदर झालं, पण शेणातल्या काड्या आसाभोवती गुंडाळल्या आणि बेअरिंग जाम झाली. परदेशात ट्रॅकवर पकड यावी म्हणून साखरेचं पाणी मारतात असं नातवानं वाचलं होतं. फाउंड्रीत आम्हीही वाळूत मळी वापरायचो, म्हणून मी काकवी पातळ करून शिंपडली. पकड आली, पण दुसऱ्या दिवशी मुंग्याही आल्या. शेवटी साधं पाणी बरं. सकाळी एक झारी, संध्याकाळी खेळाआधी एक, बस्स.

उड्यांनी आम्हाला सगळ्यात जास्त पिडलं. पहिली उडी वळणाच्या जेमतेम दहा फूट आधी केली. गाडी हवेत असताना स्टिअरिंगचा उपयोग नाही, खाली पडेपर्यंत वळण येऊन ठेपायचं आणि गाडी कडेच्या पाइपावर. पहिल्याच दिवशी गाडीचा पुढचा हात, म्हणजे चाक धरणारा दांडा, मोडला. ती उडी मोडून सरळ पट्ट्याच्या मध्यावर आणली. आता उंची ९ इंच, चढ ३ फूट आणि उतार ४ फूट, चढापेक्षा सौम्य. उतार सौम्य असला की गाडी आपटत नाही, घसरत उतरते. आणखी एक गोष्ट पोरांनीच शोधली. गाडी हवेत असताना गॅस दिला की नाक वर येतं, ब्रेक लावला की खाली जातं. फिरत्या चाकांचा जोर सगळ्या गाडीला उलटं फिरवतो. नातू नववीत आहे. पुस्तकात जे वाचून घोकतो ते त्याला परड्यात दिसलं, आणि त्यानं मला ओरडून बोलावलं, “आज्जा, नाक खाली जाऊलालंय बघ!” तो आवाज अजून कानात आहे.

कडेला विटा किंवा दगड लावू नका. गाडी मोडते आणि धावणाऱ्या पोराचा पायही मोडतो. शेतातले जुने काळे पाइप मिळतात, ते निम्मे मातीत पुरून सळईच्या आकड्यांनी खिळवले. वळणाच्या बाहेरच्या बांधाला हरळी लावली, ती माती धरून ठेवते.

नियम कडक आहेत. चालवणारे सगळे धुण्याच्या कट्ट्यावर उभे राहणार, ट्रॅकवर कोणी नाही. बाहेरून कोणी गाडी आणली तरी एका वेळी चारच गाड्या. गाडी उलटली तर चालवणाऱ्यानं धावायचं नाही, सरळ करायला दोन पोरं कडेला नेमलेली असतात आणि तोवर बाकीचे हळू. दुपारी दोन ते चार बंद, कारण शेजारच्या त्याच आजी त्या वेळेला जरा आडव्या होतात. गाड्या फक्त बॅटरीच्या, इंधनावरची गाडी परड्यात आणायची नाही.

पालकांना बॅटरीबद्दल कळकळीनं सांगतो. या गाड्यांत लिथियम पॉलिमर बॅटरी असते. दोन सेलची असेल तर पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्ट, त्यापुढं जाता कामा नये, आणि एका सेलला ३.२ च्या खाली उतरू द्यायची नाही. तिच्यासाठीचाच चार्जर वापरा. रात्री लावून झोपू नका. फुगली तर पुन्हा भरू नका, आणि घंटागाडीत तर मुळीच टाकू नका. पेटली तर फार जोरानं पेटते. आमच्याकडं चार्जिंग घराबाहेर फरशीवर, मातीच्या कुंडीत ठेवून होतं, आणि मोठं माणूस समोर बसलेलं असतं. बहुतेक वेळा मीच.

काहींना हा पैसेवाल्यांचा नाद वाटतो. जपानच्या तामिया कंपनीनं १९७६ साली पोर्शे ९३४ ही आपली पहिली रिमोटची गाडी काढली, आणि पुढं याच्या जागतिक स्पर्धा होऊ लागल्या. मासामी हिरोसाका या जपानी माणसानं त्यात १४ जगज्जेतेपदं मिळवली. म्हणजे हा खेळच आहे, त्याला खेळासारखी जागा लागते. आमचा माती, पाइप, भाडं धरून खर्च साडेचौदा हजार झाला. सात पोरं खेळतात, पण गाड्या तीनच आहेत, त्यातली एक जुनी विकत घेतलेली. मोडलेले दोन भाग उद्यमबागेतल्या ओळखीच्या लेथवर अॅल्युमिनियमचे करून घेतले. ज्या पोराची गाडी नाही तो माती बघतो, फेऱ्या मोजतो, आणि पाळी आली की चालवतो. गल्लीत गाडी सोडणं त्यांनी आपणहून बंद केलं. तिथं उडी नाही ना.

तेव्हा त्या भगिनींना माझी विनंती, बंदी मागू नका, जागा मागा. महानगरपालिकेला आणि ग्रामपंचायतींनाही विनंती आहे, नव्या वसाहतीतली मोकळी जागा उद्यान म्हणून विकसित करताना सगळीकडं फरशी घालू नये. ६० बाय ४० फुटांचा एक तुकडा माती म्हणून सोडावा, एका कडेला पाण्याचा नळ द्यावा. त्याला कुंपण, रंग, फलक काही नको. आणि ज्यांचं परडं अजून शाबूत आहे त्यांनी पेव्हरची ऑर्डर देण्याआधी घरातल्या पोरांना एकदा विचारावं. आमच्या सूनबाईंनी दिलेलं वर्ष या महिन्यात संपलं. त्यांनी पायरीपाशी सहा फूट फरशी घालून घेतली आणि बाकीचं परडं सोडलं.

यंदाच्या पावसाआधी पाइप काढून ठेवले होते, उड्या ताडपत्रीखाली होत्या. तरी सरळ पट्ट्याची वरची दोन बोटं माती वाहून अळूत गेली. ती आता काढून, वाळवून, चाळून पुन्हा घालायची आहे. सुट्टीत रोज सकाळी सात ते नऊ काम चालतं. ज्यांना आपल्या घरी ट्रॅक करायचा आहे त्यांनी मुलांना घेऊन जरूर यावं, अनगोळात गाड्यांचं परडं कुठं म्हणून विचारलं तर कोणीही दाखवील. येताना आपल्या परड्यातली मूठभर माती कागदात बांधून आणावी, तिच्यात काय मिसळावं ते मूठ वळून सांगतो. चाळणी दोन आहेत, फावडं मात्र आपलं आणावं.

आपला नम्र,
एक निवृत्त मोल्डर
अनगोळ, बेळगाव