वेड्याला असा मसुदा सुचत नाही

महोदय,

ज्यूंच्या संहारावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. लेख तळमळीचा आहे, पण सगळा भार हिटलर नावाच्या एका माथेफिरूवर टाकलाय, ते पटलं नाही. मी महसूल खात्यात ३४ वर्षं कारकुनी केली. माथेफिरू हुकूम सोडतो. त्याचं परिपत्रक काढून, जावक क्रमांक टाकून ते गावोगाव पोचवायला शेकडो शहाणी माणसं लागतात.

गेल्या वर्षी लेकीकडे बर्लिनला होतो. तिथे बायरिशर प्लाट्झच्या परिसरात दिव्याच्या खांबांवर ८० पाट्या लावल्या आहेत. एका बाजूला अंकलिपीत शोभेल असं चित्र, दुसऱ्या बाजूला नाझी काळातला एखादा नियम. लेक वाचून दाखवत होती. मांजर : ज्यूंना पाळीव प्राणी ठेवता येणार नाहीत. पाव : बर्लिनच्या ज्यूंनी खाण्याचे जिन्नस फक्त दुपारी ४ ते ५ या वेळेतच आणावेत, ४ जुलै १९४०. युद्धाच्या दिवसांत चार वाजेपर्यंत दुकानात काय उरत असेल?

सुरुवात एप्रिल १९३३ मध्ये, सरकारी नोकरीतून काढण्यापासून. पहिल्या महायुद्धात लढलेल्यांना तेव्हा सूट होती, म्हणजे कायदा किती विचारी! १९३५ मध्ये न्युरेंबर्गचे कायदे आले, नागरिकत्वाचे हक्क गेले. १९३८ मध्ये पुरुषांच्या नावापुढे ‘इस्रायल’ आणि बायकांच्या ‘सारा’ लावायची सक्ती झाली. त्याच नोव्हेंबरात सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, जाळली, दुकानं फोडली आणि वर १०० कोटी मार्कांचा दंड ठोकला, तोही ज्यूंनाच. तोवर धोरण होतं, छळा म्हणजे देश सोडून जातील. जाणार कुठे? त्याच वर्षी फ्रान्समधल्या एव्हियाँला निर्वासितांच्या प्रश्नावर ३२ देश जमले आणि बहुतेकांनी हात वर केले.

ऑक्टोबर १९४१ मध्ये बाहेर जायची वाटही बंद केली. त्याआधीच कीव्हजवळच्या बाबी यारच्या घळीत दोन दिवसांत ३३,७७१ ज्यूंना गोळ्या घातल्या होत्या. हा आकडा मारणाऱ्यांच्याच अहवालातला. तेव्हा जानेवारी १९४२ मध्ये बर्लिनच्या वान्झे भागात झालेल्या नाझी अधिकाऱ्यांच्या बैठकीत संहार ठरला, हे आपल्या लेखातलं विधानही बरोबर नाही. तिथे जमलेल्या १५ जणांनी, त्यात आठ डॉक्टरेटवाले, तासा-दीड तासात खात्याखात्यांचा मेळ घातला.

मला सगळ्यात हादरवलं ते एका फॉर्मने. हद्दपारीच्या आगगाडीत चढवण्याआधी प्रत्येक ज्यूकडून १६ पानी मालमत्ता-पत्रक भरून घेत, टेबल-खुर्च्यांपासून कपड्यांपर्यंत. नोव्हेंबर १९४१ चा नियम असा की, ज्यूचा मुक्काम देशाबाहेर गेला की नागरिकत्व रद्द आणि मालमत्ता सरकारजमा. म्हणजे आपणच सीमेपार न्यायचं आणि सीमेपार गेला म्हणून जप्ती करायची! आयुष्यभर मसुदे लिहिलेल्या माणसाला यातलं कसब कळतं.

या गाड्या सुटत त्या बर्लिनच्या ग्रुनेवाल्ड स्टेशनचा १७ नंबरचा फलाट जपून ठेवलाय. कडेला लोखंडी पट्ट्यांवर तारीख, माणसांची संख्या आणि गाडीचं ठिकाण. पहिली नोंद १८ ऑक्टोबर १९४१, १,२५१ माणसं, पोलंडमधलं लोड्झ. शेवटची २७ मार्च १९४५ ची. रशियन फौजा तेव्हा ओडर नदीवर येऊन ठेपल्या होत्या. तरी त्या दिवशीही कुणीतरी यादी करून दिली होती. माणसं १८.

– एक निवृत्त अव्वल कारकून, सातारा