काकूंची पिशवी

नेरूळ, रविवार रात्र

प्रिय पक्या,

तुझा फोन आला तेव्हा मी लोकलमध्ये होतो, सानपाड्याच्या पुढे रेंज गेली आणि बोलणं अर्धवटच राहिलं, म्हणून आता जेवणं उरकून निवांत लिहायला बसलोय. काकू पहिल्यांदा विमानात बसणार, तेही आमच्या उलव्याच्या नव्या विमानतळावरून, हे ऐकून आईला इतका आनंद झालाय की विचारू नकोस, दोन दिवस आधीच पाठवून दे म्हणतेय. पण जाता जाता तू एक बोललास ना, की काकू त्यांची पिशवी मिनिटभर हातावेगळी करत नाहीत, ते काही डोक्यातून जात नाहीये.

तुला कधी सांगितलं नाही मी, गेल्या दिवाळीत परत येताना काय झालं ते. विमान टेकलं, धावपट्टीवरून वळलं आणि मधेच थांबलं. पुढून कोणीतरी ओरडलं, धूर धूर! जळक्या रबराचा वास येत होता, एअर होस्टेस बसा बसा म्हणून सांगत होती आणि मी काय केलं, तर उठून वरचा कप्पा उघडला. लॅपटॉपच्या बॅगेचा पट्टा दुसऱ्या कोणाच्या तरी ट्रॉलीच्या चाकात अडकला होता आणि मी हिसके देत बसलो. मागे एक बाई कडेवर पोर घेऊन उभी. 'दादा, जाऊ द्या ना' एवढंच म्हणाली ती. मी हललो नाही रे. नंतर अग्निशमनची गाडी आली, ब्रेक तापलेत एवढंच निघालं, अर्ध्या तासाने सगळे शिडीवरून नीट उतरले. पण खरी आग असती तर त्या पोराच्या आणि दाराच्या मधे मी उभा होतो, माझी बॅग घेऊन. ते अजून टोचतं.

तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचतोय. जपानमध्ये ओकिनावाला २००७ च्या ऑगस्टमध्ये एक बोइंग ७३७ उतरलं, व्यवस्थित उतरलं, पार्किंगच्या जागेवर येऊन उभंसुद्धा राहिलं. आणि उजव्या इंजिनापाशी आग! कारण ऐक. पंखाच्या पुढच्या कडेला ज्या पट्ट्या उतरताना बाहेर येतात, त्यांच्या आतल्या एका बोल्टचा वॉशर मेंटेनन्सच्या वेळी बसवायचा राहिला होता. बोल्ट निसटून आतच पडला, आणि उतरल्यावर पट्ट्या परत आत घेतल्या तेव्हा तोच बोल्ट टाकीच्या भिंतीत घुसला. एका वॉशरपायी टाकीला भोक आणि पेट्रोल पंपावर नळी सुटावी तसं इंधन खाली, गरम इंजिनाजवळ. आत १६५ माणसं, त्यात तान्ही बाळंपण. सगळी वाचली. पायलट तर कॉकपिटच्या खिडकीतून उतरले आणि त्याच सुमाराला स्फोट झाला. तिथे माझ्यासारखा एखादा पट्टा सोडवत बसला असता तर?

नियम असा आहे की विमान पूर्ण भरलेलं असताना, अर्धीच दारं वापरून, सगळी माणसं ९० सेकंदांत बाहेर पडता आली पाहिजेत, तरच त्या विमानाला मान्यता मिळते. दीड मिनिट, पक्या! आपल्याकडे तेवढ्यात चहाला आधणसुद्धा येत नाही. आणि ज्वाळांआधी धूर मारतो. १९८५ ला मँचेस्टरमध्ये ५५ माणसं गेली, विमान जमिनीवरच होतं, त्यातली बहुतेक धुराने गुदमरून. याउलट टोकियोला २०२४ च्या २ जानेवारीला उतरता उतरता विमान दुसऱ्या छोट्या विमानाला धडकून पेटलं, त्या छोट्या विमानातले पाच जण गेले, पण मोठ्यातले ३७९ च्या ३७९ बाहेर आले. आठातली तीनच दारं वापरता आली, आतला माईक बंद, भोंग्यावरून ओरडून सांगत होते, आणि लोकांनी बॅगा सोडल्या.

अजून एक, घाईघाईत कुठल्याही दाराने बाहेर पडायचं नाही. शिकागोला २०१६ मध्ये टेक-ऑफच्या वेळी उजवं इंजिन फुटून पेटलं, लोक डावीकडून उतरले तर डावं इंजिन अजून चालूच, त्याच्या झोताने एक जण उडून पडला, गंभीर जखमी. आपल्या पाचोऱ्याजवळ पुष्पक एक्स्प्रेसचं झालं तेच ना, गेल्या वर्षी जानेवारीत, २०२५ ला. आग लागली अशी नुसती अफवा, माणसं उतरली ती शेजारच्या रुळावर आणि समोरून दुसरी गाडी. म्हणून एअर होस्टेस आधी खिडकीतून बाहेर बघते आणि मगच दार उघडते, तिचं ऐकायचं.

तर काकूंना घाबरवू नकोस, असं क्वचितच होतं. पण तीन गोष्टी शिकवून ठेव. बसल्या बसल्या दारापर्यंत किती रांगा आहेत ते मोजायचं, जपमाळ ओढतात तसं बोटांवर, म्हणजे धुरात दिसलं नाही तरी हाताने सीटा चाचपत जाता येईल. बेल्टचं झाकण वर उचलून सुटतं, गाडीसारखं बटण दाबायचं नसतं, घाबरल्यावर माणसं नेमकं बटण शोधत बसतात. आणि अशा वेळी दाराबाहेर जी घसरगुंडी फुगते तिच्यावर दारात बसकण न मारता सरळ उडी घ्यायची, हात छातीशी, हातात काही नाही.

पिशवीचं मात्र नुसतं सांगून होणार नाही, मला माहितीये. अरे, त्यात काकांचा फोटो आहे, बीपीच्या गोळ्या आहेत, आधार कार्ड आहे, ती कशी सोडेल? म्हणून आईने आजच मशीन काढलंय, परकराच्या आत कमरेला बांधायचा कप्पा शिवतेय, जुन्या खणाचा, नाडीवाला. सगळं अंगावर राहिलं की पिशवी सोडायला जीव तुटणार नाही. फक्त काकांच्या फोटोचं माप हवंय, फ्रेममधून काढलेल्या. उद्या सकाळी पट्टी लावून मोज आणि मेसेज कर, आई वाट बघतेय.

तुझा,
सुन्या