काडतुसाची मान गोठ्यात तडकते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पिके उभी राहिली आणि रानडुकरांचा उपद्रव सुरू झाला की गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगड भागात शेतीसंरक्षण परवान्याच्या बंदुका फडताळातून बाहेर निघतात. नळी पुसली जाते, तेलपाणी होते. काडतुसांकडे मात्र कुणी निरखून बघत नाही. बंदुकीइतकीच ती तपासायला हवीत, आणि त्यातही पितळी काडतुसाची मान.

मान म्हणजे पुंगळीचा (काडतुसाच्या पितळी नळकांड्याचा) वरचा अरुंद भाग, गोळीला धरून ठेवणारा. .315 रायफलच्या काडतुसाला खांदा आणि त्यावरची मान स्पष्ट दिसते. प्लॅस्टिक नळीच्या बारा बोअर काडतुसाला हा प्रश्न येत नाही. पुंगळीच्या पितळेत साधारण 70 टक्के तांबे आणि 30 टक्के जस्त असते. पितळेची चकती दाबून, ओढून पुंगळी घडवतात, वरचे तोंड आवळून मान काढतात आणि तिच्यात घट्ट गोळी बसवतात. म्हणजे काडतूस नुसते पेटीत पडून असले तरी मान आतून कायम ताणलेली असते. अशा पितळेला ओल आणि अमोनिया एकत्र मिळाला की तोंडाच्या कडेपासून चीर पडू लागते. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातल्या फौजेची काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली जात आणि नेमकी मानेशी फुटत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पितळेत राहिलेला ताण ही दोन्ही कारणे 1921 मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी उलगडली.

आपल्याकडे तबेले नसले तरी सोप्याला लागून गोठा आहेच. त्याच्या माळ्यावर, नाहीतर युरियाच्या पोत्यांशेजारच्या पेटीत काडतुसे ठेवण्याची सवय आधी मोडली पाहिजे. ती घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलची पुडी टाकून, राहत्या खोलीत कुलपाआड ठेवावीत. चामड्याच्या पट्ट्यात महिनोन् महिने खोवून ठेवू नयेत. चामडे ओल धरते आणि पितळेवर हिरवा थर चढतो. पितळेची भांडी चमकवायच्या बऱ्याच पॉलिशमध्ये अमोनिया असतो, ते काडतुसाला लावू नये. कोरडे सुती फडके पुरे. नळीतले तांबे काढायच्या द्रावणातही बहुधा अमोनिया असतो, म्हणून सफाईनंतर चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) कोरडे पुसल्याशिवाय काडतूस आत घालू नये.

तपासणी दिवसाउजेडी करावी, भिंग घेऊन. काडतूस बोटांत धरून सावकाश फिरवावे. चीर उभी असते, तोंडाच्या कडेपासून खांद्याकडे उतरते आणि सुरुवातीला पेन्सिलीने ओढलेल्या रेघेसारखी दिसते. ओरखडा आतून चमकतो, चीर काळी दिसते. नख आडवे फिरवले की चिरेत अडकते. गोळी बोटांनी फिरत असेल किंवा दाबल्यावर आत जात असेल तर डोळ्यांना चीर दिसो न दिसो, ते काडतूस बाद. गोळी आत सरकली की दारूला जागा कमी उरते आणि दाब वाढतो. पितळेवर गुलाबी डाग दिसले तर तिथले जस्त निघून गेले आहे, तेही बाद. बाद काडतूस घरी उकलू नये आणि विहिरीतही टाकू नये. परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात लेखी पोच घेऊन जमा करावे.

आता पुंगळ्या पुन्हा भरण्याविषयी. परवान्याशिवाय काडतूस बनवणे शस्त्र अधिनियम 1959 नुसार गुन्हा आहे, त्यामुळे व्हिडिओ बघून कुणी या वाटेला जाऊ नये. तेजस्विनी सावंत आणि स्वप्नील कुसाळे यांनी कोल्हापूरचे नाव जगभर नेले त्या 50 मीटर प्रकारात .22 चे काडतूस लागते. त्याचा पेटणारा मसाला बुडाच्या कडेत असतो, ते पुन्हा भरताच येत नाही. प्रश्न उरतो तो रीतसर परवानगीने सेंटरफायर, म्हणजे मसाला बुडाच्या मध्यभागी असलेली, काडतुसे भरणाऱ्यांचा.

त्यांच्याकडे मान तडकते ती बहुतेक वेळा पितळ कडक झाल्याने. प्रत्येक बाराला मान फुगते, पुन्हा भरताना प्रत्येक वेळी डाय, म्हणजे पुंगळी मापात आणणारा साचा, ती आवळते. हुपरीचे कारागीर चांदीची तार ओढताना मधूनमधून ताव देतात, म्हणजे ती तापवून मऊ करतात, तसाच ताव इथेही लागतो. कडक मान डायमधून बाहेर येताच पुन्हा थोडी उघडते, मग गोळी सैल बसते आणि बारानंतर मानेवर काजळी दिसते. अशा वेळी डाय बदलण्याआधी ताव द्यावा. मानेचे आतले माप गोळीपेक्षा साधारण 0.05 मिलिमीटर कमी असले की पकड ठीक असते.

ताव फक्त मान आणि खांद्याला. पुंगळी फिरती ठेवून गॅसच्या ज्योतीत काही सेकंद, मान सुमारे 400 अंश सेल्सिअसपर्यंत. अंदाजावर न जाता तापमान दाखवणारा रंग लावावा, मानेच्या आत एक आणि बुडाकडे 250 अंशांचा दुसरा. बुडाकडचा रंग वितळला तर ती पुंगळी मोडीत टाकावी. बूड मऊ झाले की दाब पेलत नाही आणि वायू तोंडावर येतो. मान लालभडक होणे म्हणजे ताव जास्त झाला. पाण्यात बुडवल्याने पितळ मऊही होत नाही, कडकही होत नाही, फक्त उष्णता खाली उतरायची थांबते.

पुंगळी डायमधून मागे घेताना कर्कश आवाज आला तर मान आतून कोरडी आहे, डायमधला मान रुंदावणारा गोळा ती ओढून लांब आणि वाकडी करतो आहे. ब्रशने चिमूटभर ग्रॅफाइट लावावे. मग लांबी व्हर्नियरने मोजावी: .308 रायफलच्या काडतुसाची पुंगळी 51.18 मिलिमीटरच्या वर गेली तर 50.93 ला कापावी आणि कडेची आतबाहेरची बर (कापल्यावर उरलेली धार) काढावी. लांब मान चेंबरच्या टोकाला चिमटली जाते, गोळी सुटत नाही आणि दाब एकदम चढतो. ही मोजणी टाळणे मला अक्षम्य वाटते. तडकलेल्या मानेची पुंगळी पक्कडीने चेपूनच भंगारात द्यावी, म्हणजे ती चुकून परत ढिगात येत नाही.

एक विनंती पोलीस प्रशासनाला. निवडणुकीच्या आचारसंहितेत शस्त्रे जमा होतात, परवान्यांचे नूतनीकरण होते. त्या वेळी जिल्हा शस्त्रागारातील आर्मररकडून (शस्त्रांची देखभाल करणाऱ्याकडून) काडतुसांच्या मानेची तपासणी करून द्यावी आणि बाद माल तिथेच जमा करून घेण्याची सोय करावी. भिंग आणि टॉर्च याहून जास्त साहित्य त्याला लागत नाही.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर