चालू होऊन बंद पडणाऱ्या गाडीची बॅटरी का बदलायची?

संपादक साहेब, नमस्कार,

तुमच्या पुरवणीत जुन्या गाड्यांच्या देखभालीवर लेख आला होता तो वाचला, विषय घेतलात ते बरं केलंत कारण जुनी गाडी म्हटलं की हल्ली सगळे एकच सल्ला देतात, विकून टाका. पण त्यात "गाडी चालू होते आणि लगेच बंद पडते" या तक्रारीवर जो उपाय दिलाय, की आधी बॅटरी बदला, मग प्लग, मग एअर फिल्टर, आणि तरी नाही जमलं तर कार्बोरेटरमध्ये (जिथे पेट्रोल आणि हवा मिसळते तिथे) थोडं पेट्रोल ओतून सेल्फ मारा, तो वाचून मी डोक्याला हात लावला. हे म्हणजे आजार रेड्याला आणि औषध पखालीला.

अहो, गाडी चालू झाली ना? मग बॅटरीने आणि स्टार्टरने आपलं काम केलंय, त्यांची सुट्टी झाली. ठिणगी पडली, पेट्रोल आलं, इंजिन फिरलं, म्हणजे सगळं होतं आणि नंतर काहीतरी गेलं. काय गेलं ते शोधायचं, आणि ते शोधायला पान्याआधी घड्याळ लागतं. गाडी नेमकी कधी बंद पडते आणि कशी बंद पडते, हे नीट बघितलं तर अर्धा शोध तिथेच संपतो, पण आपण मेकॅनिककडे जाऊन फक्त "बंद पडते हो" एवढंच सांगतो आणि मग तोही बिचारा अंदाजाने एकेक पार्ट बदलत सुटतो.

माझंच सांगतो. वडिलांच्या वेळची कार्बोरेटरवाली पेट्रोल गाडी आहे, सकाळी चोक ओढून एका सेल्फमध्ये चालू व्हायची, छान आवाज, आणि थोड्या वेळाने धापा टाकत, दोन-चार आचके देऊन बंद. परत सेल्फ मारला की पटकन नाही, बराच वेळ मारावा लागायचा, मग चालू, मग परत तेच. प्लग बदलले, ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी कॉइल बदलली, कॉइलचा करंट चालू-बंद करणारे पॉइंट बदलून त्यांचा गॅप 0.4 मिलीमीटरला लावला, आणि हो, बॅटरीसुद्धा बदलली, मी काही तुमच्या लेखकापेक्षा शहाणा नव्हतो. फरक शून्य.

मग एका रविवारी वैतागून मोबाईलवर स्टॉपवॉच लावलं. 92 सेकंद. परत चालू केली, 88. परत, 95. आता विचार करा, ढिली वायर किंवा खराब कॉन्टॅक्ट असा वेळ पाळत नाही, तो कधी दोन सेकंदांत दगा देईल कधी दोन तासांनी. दरवेळी जवळपास तेवढाच वेळ लागतोय म्हणजे कुठलंतरी भांडं रिकामं होतंय. आणि ते भांडं म्हणजे कार्बोरेटरचं फ्लोट चेंबर. त्यात जेवढं पेट्रोल साठलेलं असतं तेवढ्यावर इंजिन चालतं आणि मागून नवीन येत नसेल तर चेंबर उतरलं की खेळ खल्लास. बराच वेळ सेल्फ मारावा लागायचा तो पण त्याचमुळे, पंप तेवढ्या वेळात थोडं थोडं भरत होता.

खात्री करायची पद्धत सोपी आहे. गाडी बंद पडल्यावर चावी बंद करायची, इंजिन थोडं थंड होऊ द्यायचं, एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या नरड्यात बघायचं आणि हाताने ॲक्सिलरेटरचा दांडा हलवायचा. पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली तर चेंबरमध्ये पेट्रोल आहे, दोष दुसरीकडे शोधा. माझ्याकडे एक थेंब उडाला नाही. (ही पिचकारी मारणाऱ्या कार्बोरेटरमधल्या छोट्या पंपाचा वॉशर गेला असेल तरी पिचकारी उडत नाही, त्यामुळे चांगल्या दिवसात एकदा बघून ठेवलेलं बरं.)

आता पेट्रोल का येत नाही, तर फिल्टर चोंदला असेल, टाकीतला गंज जाळीवर बसला असेल, टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला पडदा, फाटला असेल. माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. पंपाच्या आधी पारदर्शक नळीचा एक तुकडा जोडला आणि गाडी चालू केली तर आतून पेट्रोल कमी आणि सोड्यासारखे बुडबुडेच जास्त चाललेले. म्हणजे लाइन हवा ओढतेय. पण खाली एक थेंब सांडलेला नाही, वास नाही, काही नाही! ही गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे: टाकीपासून पंपापर्यंतची बाजू ओढणारी असते, तिथे नळीला चीर गेली तर पेट्रोल बाहेर यायच्या ऐवजी हवा आत जाते, त्यामुळे कोरडी जमीन बघून नळ्या चांगल्या आहेत असं समजू नका. रबरी नळीच्या टोकाला, बरोबर क्लॅम्पच्या खाली, केसाएवढी चीर होती, नळी वाकवली तेव्हाच तोंड उघडलं, सरळ केली की गायब. ते टोक कापून चांगल्या भागावर क्लॅम्प आवळला, गाडी चालू झाली आणि मी कंटाळून बंद करेपर्यंत चालली. नंतर सगळ्याच नळ्या बदलल्या, इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल सोसेल अशा, कारण जुन्या प्रकारचं रबर त्याने लवकर खराब होतं.

पण सगळ्यांचा दोष हाच असेल असं नाही म्हणूनच तर घड्याळ म्हणतोय. माझ्या मित्राच्या गाडीचं निराळंच होतं, सेल्फ फिरतोय तोपर्यंत इंजिन धडधडतंय आणि चावी सोडली की त्याच क्षणी टप्पकन बंद, जसा दिवा मालवावा. आचके नाहीत, धाप नाही. असं एका झटक्यात मेलं की बहुतेक वेळा करंट गेलेला असतो. जुन्या पॉइंटवाल्या बऱ्याच गाड्यांमध्ये कॉइलच्या आधी एक बॅलास्ट रेझिस्टर असतो, पांढऱ्या चिनीमातीच्या कांडीसारखा दिसतो. सेल्फ मारताना बॅटरीचा व्होल्टेज पडतो म्हणून तेवढ्यापुरता कॉइलला थेट करंट मिळतो, आणि चावी सोडली की त्या रेझिस्टरमधून, 7 ते 9 व्होल्टच्या आसपास. रेझिस्टर तुटला असेल तर सेल्फवर चालू, सोडला की बंद. चावीच्या स्विचमधला कॉन्टॅक्ट झिजला तरी हेच होतं. मल्टीमीटरने पाच मिनिटांत कळतं. काही जण तिथे कायमची वायर टाकून मोकळे होतात, गाडी चालते खरी पण पॉइंट जळतात आणि कॉइल तापून जाते, तपासायला मिनिटभर ठीक आहे, कायमचं नाही.

तिसरा प्रकार चोकचा. चोक ओढलेला आहे तोवर चालते, आत ढकलला की बंद, ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला तर जिवंत राहते. याचा अर्थ आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालतं तेव्हा, मिश्रण पातळ पडतंय (पेट्रोल कमी, हवा जास्त), एकतर आयडल जेटमध्ये, म्हणजे त्यावेळच्या पेट्रोलच्या बारीक भोकात, कचरा आहे किंवा कुठूनतरी जास्तीची हवा घुसतेय. ब्रेक बूस्टरची नळी, मॅनिफोल्डचं गॅस्केट, कार्बोरेटरच्या खालचं पॅकिंग, हे बघा. इंजिन चालू ठेवून सांध्यांवर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारायचा (डिस्ट्रिब्यूटर आणि वायर सोडून), आवाज बदलला तिथे हवा घेतेय. काही कार्बोरेटरला आयडलचं पेट्रोल तोडणारा छोटा सोलेनॉइड असतो, चावी ऑन केली की त्याने टिक् करायला हवं. याउलट काळा धूर, पेट्रोलचा वास आणि गुदमरून बंद पडली तर पेट्रोल जास्त होतंय, फ्लोटची (चेंबरमधल्या तरंगत्या भागाची) पेट्रोल अडवणारी नीडल अडकलीय किंवा फ्लोटला भोक पडलंय. फ्लोट काढून कानाशी हलवा, आत खळखळ ऐकू आली की समजा.

दहा-पंधरा मिनिटं चांगली चालून बंद पडते आणि थंड झाल्यावर परत चालू होते, त्याला कॉइल नाहीतर पॉइंटला जोडलेला छोटा कंडेन्सर बघावा. आणि टाकीचं झाकण उघडताना फुस्स करून हवा आत ओढली गेली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय, तेवढं साफ करा, बाकी इंजिन खोलू नका.

इंजेक्शनवाल्या पण आता जुन्या झालेल्या गाड्या असतील तर चावी ऑन केल्यावर मागून पंपाचा एक-दोन सेकंद गुणगुणाट येतोय का ऐका, रेस दिली तरच टिकत असेल तर इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटल बॉडी आणि आयडल व्हॉल्व्हचा कार्बन साफ करा, आणि सेकंद-दोन सेकंदांत दरवेळी मरत असेल तर डॅशबोर्डवर चावीचा दिवा लुकलुकतोय का बघा, तो इमोबिलायझरचा, म्हणजे चोरी रोखायला चावी ओळखणाऱ्या यंत्रणेचा, प्रकार असतो, तिथे पाना घेऊन काही होणार नाही.

आता हे पत्र लिहायचं खरं कारण. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल ओतून सेल्फ मारा, हे तुम्ही हजारो घरांत छापून पाठवलंय. इंजिन उलटं भडकलं की ज्वाला त्याच नरड्यातून वर येते जिथे माणूस बाटली धरून वाकलेला असतो. माझ्या ओळखीतल्या एकाच्या भुवया आणि पुढचे केस असेच गेले, नशीब डोळे वाचले. शिवाय ही तपासणी करताना गाडी पुन्हा पुन्हा चालू करावी लागते, बंद गॅरेजमध्ये ते करू नये, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, हेही लेखात कुठे नव्हतं. तेव्हा बॅटरीचं राहू द्या, पण पेट्रोल ओतण्याबद्दल आणि गॅरेजबद्दल दोन ओळींची दुरुस्ती पुढच्याच पुरवणीत, त्याच पानावर छापा, ही विनंती.

आपला,
जुनी गाडी अजून चालवणारा एक वाचक