इमारत कोसळण्याची शक्यता अहवालात लिहा

संपादक महोदय,

ठाणे महापालिका धोकादायक इमारतींची सी-१, सी-२ए, सी-२बी आणि सी-३ अशी वर्गवारी करते. परंतु सी-२बीत, म्हणजे रिकामी न करता दुरुस्त करायच्या इमारतीत, राहणाऱ्या कुटुंबाला प्रत्यक्ष धोका किती, हे त्या अक्षरांवरून कळत नाही. नौपाड्यातील आमच्या जुन्या सोसायटीच्या स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये मोजक्या खांबांवर रिबाउंड हॅमर चालवला गेला. तो काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कठीणपणा दाखवतो, आतल्या सळईचा गंज नव्हे, ही गोष्ट रहिवाशांना कोणी सांगितली नाही, याचे मला फार वाईट वाटते. हाफ-सेल चाचणीत, म्हणजे गंजाचा अंदाज घेण्यासाठी सळईचे विद्युत विभव मोजणाऱ्या चाचणीत, कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडच्या तुलनेत उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली मोजणी आली, तर गंज सुरू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक मानतात. मात्र ही शक्यता गंजाची आहे, कोसळण्याची नाही. कोसळण्याची शक्यता काढायची तर सळईचा उरलेला व्यास, काँक्रीटमधून तपासणीसाठी काढलेल्या गाभ्याची ताकद आणि गच्चीवर नंतर चढवलेल्या टाक्यांसह येणारा खरा भार, या सर्वांतील अनिश्चितता एकत्र धरावी लागते. इमारत इतकी वर्षे उभी आहे, हा युक्तिवाद मागच्या भारापुरताच खरा, कारण गंज दर पावसाळ्यात पुढे सरकतो. किती खांब तपासले, कोणते राहिले आणि पुढील पाच वर्षांत धोका किती वाढेल, हे अहवालात सोप्या मराठीत लिहिणे महापालिकेने बंधनकारक करावे, ही विनंती.

– एक रहिवासी, नौपाडा, ठाणे