नातवाच्या पाच चांदण्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोबाईलवरून डॉक्टरी सल्ला घेणारे रुग्ण समाधानी असतात, असं अधूनमधून वाचायला मिळतं. मी एसटीत वाहक होतो. तिकीट फाडल्या फाडल्या ‘प्रवास कसा झाला?’ विचारलं असतं, तर सगळेच ‘झकास’ म्हणाले असते. गाडी अजून स्टँडातच!

आमच्या मंडळींच्या पायांना सूज आली. पुण्याच्या मुलाच्या सांगण्यावरून, सुट्टीला आलेल्या नातवानं एका खासगी ॲपवर डॉक्टर लावून दिला. बोलायला गोड माणूस. चार मिनिटांत आटोपलं. फोन बंद होतो न होतो तोच पडद्यावर पाच चांदण्या आल्या, नातवानं पाचही दाबल्या. चिठ्ठी त्यानंतर आली. तीत लघवी वाढवणारी गोळी होती. सूज काही हटेना. शेवटी कोल्हापूर गाठलं, जाऊन-येऊन शंभर किलोमीटरच्या वर. तिथल्या डॉक्टरांनी पायावर बोट दाबून बघितलं आणि पहिलाच प्रश्न केला, ‘बीपीची कुठली गोळी चालू आहे?’ अ‍ॅम्लोडिपिन. त्या गोळीनं काहींच्या पायांना सूज येते म्हणे. गोळी बदलली. ॲपवाल्यानं हे विचारलंच नव्हतं, आणि आम्हाला तरी कुठं ठाऊक की सांगायला हवं? त्या पाच चांदण्या मात्र कुणाच्या तरी टक्केवारीत अजून लुकलुकत असतील.

उलट जुलै 2021 च्या महापुरात मांडुकलीजवळ पाणी आलं, कोल्हापूरचा रस्ता बंद. मंडळींची साखर वाढलेली. आरोग्य उपकेंद्रातल्या ताईंनी ई-संजीवनीवर, म्हणजे दुरून सल्ला देणाऱ्या सरकारी सेवेवर, डॉक्टर जोडून दिले. चित्र चारदा गोठलं, आवाज विहिरीतून आल्यासारखा. पण ताईंनी आधी बीपी मोजलं, बोटाला टोचून साखर बघितली, चालू गोळ्यांची पाकिटं कॅमेऱ्यापुढं धरली. डॉक्टरांनी वाढवून दिलेली गोळी ताईंच्याच कपाटात निघाली. तेव्हा चांदण्या विचारल्या असत्या, तर त्या खरखरीला वैतागून मी दोनच दिल्या असत्या.

मार्च 2020 च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे, दुरून सल्ला पुरेसा आहे की रुग्णाला प्रत्यक्ष बोलवायचं, हे डॉक्टरनं स्वतः ठरवायचं असतं. म्हणजे ‘हे फोनवर कळणार नाही, पाय दाखवायला या’ म्हणणारा डॉक्टर नियमानंच वागतो. त्याला चांदण्या कोण देणार? रुग्ण तर हिरमुसूनच फोन ठेवणार.

समाधान मोजायचंच तर आठ दिवसांनी फोन करा. गोळी गावात मिळाली का, दुखणं उतरलं का, पुन्हा एसटी धरावी लागली का, एवढं विचारा. आणि विचारायचं ते आमच्या मंडळींना, नातवाला नको. तो आठवीत आहे.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक,
ता. गगनबावडा, जि. कोल्हापूर