'फुकट' हा शब्द मागे घ्या

संपादक महोदय,

कालच्या अर्थविषयक पानावरची बॅकअप सॉफ्टवेअरची, म्हणजे फाइलींच्या जादा प्रती जपून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची बातमी वाचली. कोणती कंपनी कोणी विकत घेतली, कोण कोणापासून फुटून वेगळे झाले, कोणत्या सॉफ्टवेअरची आता पैसे भरून घ्यायची आवृत्ती निघाली, हे सगळे तीन रकान्यांत आले आहे. सोबत आलेखही आहे. मात्र बॅकअपमधून गेलेली फाइल परत आणता येते की नाही, याबद्दल त्यात एक ओळ नाही. आणि मथळ्यात 'फुकट' हा शब्द! ओपन सोर्स (ज्याचा मूळ कोड सगळ्यांना खुला असतो ते सॉफ्टवेअर) म्हणजे फुकट, आणि फुकट म्हणजे कोणाचीच जबाबदारी नाही, असा एकूण सूर. रात्री ते पान बाजूला ठेवले तरी डोक्यातून जाईना, म्हणून सकाळी इतर कामे सोडून हे पत्र लिहीत आहे.

माझा राग नुसत्या शब्दावर नाही. हेच वाक्य मी पूर्वी एका बैठकीत ऐकले आहे आणि त्याची किंमत मोजली आहे.

मी तेव्हा एका संशोधन संस्थेचा संगणक विभाग सांभाळत होते. जमिनीचे तापमान आणि ओलावा यांच्या रोजच्या नोंदी हे तिथले मुख्य काम. त्यांचा बॅकअप चुंबकीय टेपवर घेतला जाई. कपाटात अशा दोन तऱ्हेच्या टेप होत्या. २००९ पर्यंतच्या टेप अमांडाने लिहिलेल्या, म्हणजे तुमच्या बातमीत ज्याची 'जुनाट' म्हणून एका शब्दात बोळवण झाली आहे त्याच ओपन सोर्स सॉफ्टवेअरने. त्यानंतरच्या टेप एका नामांकित कंपनीच्या महागड्या सॉफ्टवेअरने लिहिलेल्या. हा बदल झाला त्या बैठकीत वरिष्ठांनी विचारले होते, फुकटच्या वस्तूची जबाबदारी उद्या कोण घेणार? माझ्याकडे उत्तर नव्हते. मीही मान डोलावली.

२०१६ साली एका शनिवारी रात्री सर्व्हरमधल्या चारपैकी दोन डिस्क एकापाठोपाठ गेल्या. एक गेली असती तर निभावले असते, रचनाच तशी होती. दोन गेल्यावर हाती काही उरत नाही. रविवारी सकाळी नव्या टेप काढल्या. त्या वाचायला त्या कंपनीचेच सॉफ्टवेअर लागते, त्याचे लायसन्स बंद पडलेल्या सर्व्हरला बांधलेले, आणि कोणत्या टेपवर काय आहे याची सूचीही त्याच सर्व्हरवर. कंपनीला फोन केला तेव्हा कळले की मधल्या काळात ती दुसऱ्या कंपनीने घेतली आहे आणि आमच्या आवृत्तीला आता मदत मिळत नाही. नवी आवृत्ती घ्या म्हणाले. घेतली. तिला जुन्या टेपचा फॉरमॅट ओळखता येईना. पुढचे आठ दिवस तक्रार क्रमांक, फोन, पुन्हा नवा तक्रार क्रमांक, आणि प्रत्येक नव्या माणसाला पहिल्यापासून सगळे सांगणे. नवव्या दिवशी त्यांनी हात वर केले. पैसे भरून विकत घेतलेली जबाबदारी ती हीच.

आम्ही त्या सात वर्षांत एकदाही टेपवरून फाइल परत आणून पाहिली नव्हती. ही चूक सर्वस्वी आमची, त्यातही माझी. ती मी कंपनीच्या माथी मारत नाही. पण पाहायचे ठरवले असते तरी ते त्यांच्या सॉफ्टवेअरनेच आणि त्यांच्या परवानगीनेच पाहावे लागले असते.

मग जुन्या टेप काढल्या. त्या लिहिणारे सहकारी केव्हाच निवृत्त झाले होते. टेपवर त्यांच्या अक्षरातली निळ्या शाईची चिठ्ठी तेवढी होती: क्रमांक आणि तारीख. टेप एलटीओ-२ प्रकारच्या, म्हणजे त्या जातीच्या दुसऱ्या पिढीच्या. त्या वाचणारा ड्राइव्ह आमच्याकडे उरला नव्हता. त्या काळचा एलटीओचा ड्राइव्ह दोन पिढ्या मागची टेप वाचू शके, म्हणून दुसऱ्या विभागातून एलटीओ-४चा ड्राइव्ह मागून आणला. अमांडा कोणालाच चालवता येत नव्हते आणि ते बसवलेला एकही संगणक शिल्लक नव्हता. काय आहे ते तरी पाहू, म्हणून टेपच्या लेबलापुढची पहिली फाइल उघडली आणि तिच्या सुरुवातीचा ३२ किलोबाइटचा भाग जसाच्या तसा पडद्यावर घेतला.

साधा वाचता येणारा मजकूर आला. वर अमांडाचे नाव, तारीख, कोणत्या संगणकावरचे कोणते फोल्डर, कशाने दाबून लहान केले आहे. आणि त्याखाली सूचना: परत मिळवायचे असेल तर टेप या फाइलच्या सुरुवातीला आणा आणि ही कमांड चालवा. पुढे ती कमांड पूर्ण लिहिलेली. पहिला ३२ किलोबाइटचा भाग डीडीने सोडून द्या, उरलेले जीझिपने उलगडा, टारने मोकळे करा. ही तिन्ही हत्यारे कुठल्याही लिनक्सवर असतात. अमांडा लागत नव्हते, लायसन्स लागत नव्हते, फोन करायची गरज नव्हती. ज्याच्या हाती ही टेप पडेल त्याला आपली काहीच माहिती नसेल, हे गृहीत धरून कोणीतरी ती ओळ प्रत्येक फाइलच्या डोक्यावर लिहिण्याची व्यवस्था केली होती.

मी ती कमांड अक्षर न् अक्षर तपासून टाइप केली. फाइलींची नावे एकामागून एक वर सरकू लागली. माझ्या शेजारी बसलेल्या तरुण सहकाऱ्याने फक्त माझ्या खांद्यावर हात ठेवला. संध्याकाळपर्यंत २००९ पर्यंतची प्रत्येक नोंद परत आली होती.

त्यानंतरची सात वर्षे आम्ही दोघांनी कागदी नोंदवह्यांवरून पुन्हा टाइप केली. सात महिने लागले. दोन ठिकाणी नोंदी थेट यंत्रातून सर्व्हरवर येत, त्यांची वही नव्हती. त्या गेल्या त्या गेल्याच. आजही कोणी त्या जमिनीचा अभ्यास करायला घेतला, की आलेखात तिथे रिकामी जागा दिसते.

आता तुमच्या बातमीकडे वळते. अमांडाच्या आधारावर २००५ साली झमांडा ही कंपनी उभी राहिली, २०१२ साली ती कार्बोनाइटकडे गेली, २०१८ साली बेटसोलकडे. या हस्तांतराकडे बोट दाखवून तुमच्या वार्ताहरांनी वाचकांना सावध केले आहे. दोन विक्र्या झाल्या हे खरे. पण या सगळ्या उलाढालीत आमच्या टेपवरची ती ओळ पुसली गेली का? आम्ही टेप वाचली तेव्हा झमांडा कोणाच्या मालकीची आहे, हे आम्हाला ठाऊकही नव्हते आणि ठाऊक असण्याची गरजही नव्हती. माझ्या मते बातमी इथे होती. शेजारी २०१७ सालची क्रॅशप्लॅनची गोष्ट ठेवली असती तरी वाचकाला फरक कळला असता. ते बंद स्वरूपाचे बॅकअप सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याचा कोड कंपनीकडेच राहतो. घरगुती ग्राहकांसाठीची सेवा बंद करतो, असे कंपनीने त्या ऑगस्टमध्ये जाहीर केले आणि २०१८च्या ऑक्टोबरात ती थांबली. कंपनीने मुदत पुरेशी दिली, ते मी नाकारत नाही. पण मुदत दिली तरी ठरवले कंपनीनेच.

कोड ठेवण्याची सेवा देणाऱ्या गिटलॅब या कंपनीचा तुम्ही दिलेला दाखला तर मला अजिबात पटला नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी त्यांच्या एका अभियंत्याने चुकून भलत्याच सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला आणि बॅकअपचे बहुतेक मार्ग निकामी निघाले, एवढे तुम्ही छापले. का निघाले ते छापले नाही. डेटाबेस पोस्टग्रेस या ओपन सोर्स सॉफ्टवेअरच्या ९.६ आवृत्तीचा होता आणि बॅकअप घेणारे हत्यार ९.२ आवृत्तीचे चालत होते, त्यामुळे ते दर वेळी चूक दाखवून थांबत होते. थांबल्याची सूचना देणारी ईमेल समोरच्या मेल सर्व्हरने नाकारली होती, म्हणून कोणाला पत्ता लागला नाही. सुमारे सहा तास आधी हाताने घेतलेली एक प्रत होती, तिच्यावर निभावले. यात ओपन सोर्सचा दोष कुठे आला? बॅकअप घेतला जातो आहे असे समजून कोणीच पडताळून पाहिले नाही, हा दोष. तोच आमचाही होता. फरक इतकाच की त्यांनी काम चालू असतानाच सगळे जगासमोर मांडले, म्हणून तर तुम्हाला ते छापता आले. आमच्या त्या कंपनीने आमच्या टेपचे नेमके काय बिनसले, ते आजतागायत सांगितलेले नाही.

फुटून वेगळे होण्याला तुम्ही 'भांडण' म्हटले आहे. बॅक्युला या ओपन सोर्स बॅकअप सॉफ्टवेअरमधून बॅरिओस निघाले तेव्हा कटुता होती, मान्य. केर्न सिबाल्ड यांनी २००० साली लिहायला घेतलेल्या आणि २००२ साली लोकांसमोर ठेवलेल्या बॅक्युलाभोवती २००८ साली कंपनी आली, पुढे वाद झाले. पण २०१५ साली ॲटिक या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून बोर्ग निघाले ते प्रामुख्याने कामाच्या वेगाच्या प्रश्नावरून. काहींना सुधारणा लवकर हव्या होत्या, मूळ लेखकाची चाल सावकाश होती. त्यांनी कोड घेतला, नाव बदलले आणि कामाला लागले. भाऊ वेगळे झाले तरी विहीर दोघांची राहते, तसे हे आहे. वापरणाऱ्याच्या दृष्टीने हीच सगळ्यात मोठी हमी. मूळ लेखक थकला, कंपनी विकली गेली, धोरण फिरले, तरी दुसरा कोणीतरी तिथून पुढे नेऊ शकतो. आमच्या त्या आठ दिवसांत असा दुसरा कोणी असता, तर मी त्याला त्याने मागितले तेवढे पैसे आनंदाने दिले असते.

होय, पैसे. कंपन्यांना माझा विरोध नाही. ही सॉफ्टवेअर लिहिणारी माणसे नोकरी सांभाळून रात्री जागतात, अनोळखी लोकांच्या तक्रारींना उत्तरे देतात. त्यांना मोबदला मिळालाच पाहिजे, आणि कंपनी तो देत असेल तर उत्तमच. म्हणूनच 'फुकट' हा शब्द मला झोंबतो. ओपन सोर्सला आपण मुक्त म्हणतो, त्या मुक्त या शब्दाचा अर्थ मोफत असा नाही, एवढे तरी अर्थविषयक पानाने सांभाळावे. तो शब्द वाचून उद्या एखाद्या संस्थेत तशीच बैठक होईल, कोणीतरी तोच प्रश्न विचारेल आणि माझ्यासारखी कोणीतरी मान डोलावेल.

जाता जाता आणखी एक तक्रार, कारण विषय जपून ठेवण्याचाच आहे. तुमच्या रविवार पुरवणीत पूर्वी संगणकावर एक साप्ताहिक सदर येत असे. टेपवरचा बॅकअप म्हणजे काय, हे मला पहिल्यांदा त्या सदराने समजावले. हे पत्र लिहिण्याआधी ते लेख पुन्हा वाचावेत म्हणून तुमच्या संकेतस्थळावर शोधले. संकेतस्थळाचे नवे रूप आल्यापासून त्या वर्षांतला एकही लेख उघडत नाही, दर वेळी 'पान सापडले नाही' एवढेच येते. दोन महिन्यांपूर्वी मी याबद्दल कळवले होते, उत्तर आले नाही. ते लेख तुमच्याकडे कुठेतरी आहेत की गेले, एवढे तरी कळवावे. गेले असतील तर माझ्याकडे त्यातल्या बऱ्याच अंकांची कात्रणे वहीत चिकटवून ठेवलेली आहेत. त्यांच्या प्रती काढून मी तुम्हाला पाठवायला तयार आहे.

आपली,
एक जुनी वाचक